राहत्या घरात गवंडी

घराचे काम काढले की घरातल्या बाईने दोन-तीन महिने कोठेतरी निघून जावे, हा अलीकडे मोठा शहाणपणा मानला जाऊ लागला आहे. माहेरी जा, मुंबईला लेकाकडे जा, नाहीतर कुडाळला भाड्याची खोली घ्या. पण गवंड्याच्या पायात येऊ नका. काम संपले की किल्ली हाती मिळेल आणि उंबरठा ओलांडाल तो चकचकीत स्वयंपाकघर, गुळगुळीत न्हाणी आणि कपडे धुण्याचे यंत्र, सारे जागच्या जागी! असा सल्ला देणारी माणसे प्रेमळ असतात, हे मी नाकारीत नाही. सल्ला मात्र वाईट आहे. जिला पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या ओट्याशी उभे राहायचे आहे, तिने काम चालू असताना त्या घराबाहेर एक रात्रही काढू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या मंडळींपुढे ते मी मांडणार आहे. चकली ज्या खोलीत तळली गेली त्या खोलीविषयीच हे बोलणे असल्यामुळे सणासुदीला ते अगदीच विसंगत ठरू नये.

आमचे घर मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात आहे. जांभ्या चिऱ्याचे, कौलारू. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि न्हाणीचे दार उघडले की मागीलदार. या मागीलदाराशिवाय आमच्याकडच्या स्वयंपाकघराला अर्थ नाही. विहीर तेथे, दगडी दोण तेथे, धुण्याचा दगड तेथे. बांगडे करायचे ते तेथेच, आणि त्यांचे पाणी माडाच्या बुंध्यात जाते. नारळ सोलणे, सोले वाळवणे, भांडी घासणे, चादरी आपटणे, सगळे तेथेच. शहरातल्या माणसाला स्वयंपाकघर म्हणजे चार भिंतींची खोली वाटते. आमचे स्वयंपाकघर चुलीपाशी सुरू होते आणि विहिरीपाशी संपते.

घर अर्थातच सामायिक आहे. कोकणातले कोणते जुने घर सामायिक नसते? घराच्या उताऱ्यावर चौदा नावे आहेत. त्यांतली अकरा मुंबईत राहतात, एक बडोद्याला आणि उरलेली दोन म्हणजे माझे यजमान व धाकटे भावोजी. त्या घरात रोज उठून चहाचे आधण ठेवणाऱ्या दोघी, म्हणजे मी आणि माझी जाऊ, या चौदांत नाही. मी तीस वर्षे शाळेत शिकवले, निवृत्त झाले, पगारातून या घराची कौले दोनदा बदलली. तरी उताऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. तेव्हा घराच्या सुधारणेचा ठराव झाला तो मुंबईत झाला आणि आमच्याकडे आला तो चित्राच्या रूपाने, मोबाइलवर. पुतण्याने मोठ्या हौसेने ते करवून घेतले होते. चूल जाणार, पाटा-वरवंटा जाणार. मागीलदाराला भिंत घालून वर स्लॅब टाकणार, त्यात धुण्याचे यंत्र आणि स्टीलचे सिंक बसणार. काचेची खिडकी, छतापर्यंत कपाटे आणि काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. चित्र सुरेख होते. त्यात एकही माणूस उभे नव्हते, एवढेच काय ते त्यात उणे होते.

आता चतुर्थीला सगळी चाकरमानी मंडळी येतात, घर भरते, आणि त्या दिवसांत जुन्या स्वयंपाकघरात अडचण होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु गणपती आमच्याकडे अकरा दिवस असतो. उरलेले तीनशे चोपन्न दिवस तेथे कोण वावरते याचा हिशेब चित्र काढणाऱ्याने करायला नको का? अकरा दिवस पाहुणे बघतील म्हणून घर बांधायचे आणि राबणारीने वर्षभर त्याच्याशी जुळवून घ्यायचे, याला मी सुधारणा म्हणायला तयार नाही.

या नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघराची वंशावळ सांगण्यासारखी आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरात कामगार-कारकुनांसाठी नवी घरे बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण स्त्री-वास्तुशिल्पीने त्यांचे स्वयंपाकघर आखले. आगगाडीतल्या भोजनाच्या डब्याचे स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होते. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. पण कोणत्या कामाला बाईची किती पावले पडतात आणि किती वेळ जातो हे घड्याळ लावून मोजून मग फळ्या आणि खण ठरवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली, आणि आज जाहिरातींत दिसणारा कपाटांचा ओटा हा त्यांचाच दूरचा नातू आहे. नातवाने आजीचे कपडे घेतले. तिचे घड्याळ मात्र घेतले नाही. आमच्या घरी माप घ्यायला आलेल्या माणसाने भिंत मोजली, खिडकी मोजली, सिलिंडर मोजला. माझी जाऊ तेथेच उभी होती, तिला कोणी मोजले नाही.

तिची उंची चार फूट दहा इंच. कंत्राटदाराच्या यादीतला ओटा चौतीस इंचांचा. या दोन आकड्यांमध्ये एका बाईच्या खांद्याचे दुखणे दडलेले असते. ओट्याची उंची काढायला पदवी लागत नाही. चप्पल घालायची सवय असेल तर चप्पल घालून, नसेल तर अनवाणी सरळ उभे राहावे, कोपरात हात दुमडावा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे आणि त्यातून चार-पाच इंच वजा करावेत. चिरायचा-मळायचा ओटा तेवढा. जिथे शेगडी ठेवायची ती बाजू त्याहूनही तीन-चार इंच खाली हवी, कारण शेगडीची उंची आणि वर टोपाची उंची मिळून डाव हातात धरणारीचा खांदा कानाला लागतो. जाऊबाईंचा ओटा साडेएकतीस इंचांवर आला. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि घरोघर गेले त्याचे एक कारण हे की त्यांनी पाककृती वाटी-चमच्याच्या मापात सांगितल्या. जे माप स्वयंपाक करणारीच्या हाताशी होते तेच त्यांनी धरले. पदार्थाला जो न्याय लागू पडला तो जागेला लावायला आपल्याला पंचावन्न वर्षे अपुरी पडावीत, हे काही बरोबर नव्हे.

तर मग आम्ही दोघींनी घर सोडायचे नाही असे ठरवले. २०२५च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि आमचे बिऱ्हाड पडवीत आले. गॅसची शेगडी एका जुन्या टेबलावर, टेबलाभोवती ओल्या साडीचा पडदा, पिण्याचे पाणी ओटीवर झाकून. मोठे भात-आमटीचे रांधप खळ्याच्या कडेला तीन चिऱ्यांवर, सोडणे आणि चुडते जाळून. सकाळच्या पेजेत कधी कधी चिऱ्याची भुकटी उतरे. मीठ कोठे आणि मिरपूड कोठे याचा पत्ता लागत नसे. एकदा आमसुलांची बरणी यजमानांच्या कागदपत्रांच्या ट्रंकेत सापडली, आणि ती तेथे कोणी ठेवली यावर दोन दिवस वाद चालला. न्हाणी तोडल्यामुळे आंघोळी विहिरीकडे, झापांचा आडोसा करून. मुख्य गवंडी आमच्याच पंचक्रोशीतला, माझ्या हाताखाली शिकलेला. तो रोज म्हणे, “बाईनु, तुमी हय कशाक ऱ्हवतास? मुंबयक जावा, मगे येवा.” त्याची दया खरी होती. मी मात्र त्याला विचारले, “आणि पाणी कोण मारणार?”

हा प्रश्न मी वाचकांनाही विचारते. सिमेंटच्या कामाला पाणी मारावे लागते हे पोराटोरांना ठाऊक असते. साधे सिमेंट असेल तर निदान सात दिवस आणि हल्ली राख किंवा मळी मिसळलेले जे सिमेंट बहुतेक सगळीकडे येते त्याला निदान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असे भारतीय मानकच सांगते. गवंडी पाच वाजता हत्यारे धुऊन घरी जातो. मग सकाळी त्याच्या आधी, संध्याकाळी त्याच्या नंतर आणि भर दुपारी तो जेवत असताना कळशी घेऊन पाणी मारते कोण? कोकणातल्या ज्या ज्या घराचे काम मी पाहिले त्या त्या घरी ते घरच्या बायकांनी केले. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात वाळूचा दर असतो, खिळ्यांचे वजन असते, ‘किरकोळ’ म्हणून एक गलेलठ्ठ रक्कम असते. या पाण्याचे नाव नसते. जिने घर सोडावे असे सांगता तिच्याच कळशीवर तुमची भिंत घट्ट होते, हे एकदा मान्य करा आणि मग पुढे बोला.

आमच्या भागात सबंध गावाने घर सोडण्याचीही रीत आहे, तिचा दाखला मला एका शहाण्याने दिला. आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो; चिंदर, वायंगणीकडेही ही प्रथा आहे. “गाव जर घर सोडतो तर तुम्ही का नाही?” असे त्यांचे म्हणणे. हा दाखला त्यांच्यावरच उलटतो. गावपळणीत गुरे, कोंबड्या, कुत्री, भांडीकुंडी सगळे बरोबर निघते. बाई चूल मागे ठेवून जात नाही, वेशीबाहेर नवी मांडते. आणि रिकामे घर मागे राहते ते देवाच्या राखणीवर, कंत्राटदाराच्या नव्हे.

घरात राहिल्याने काय साधले, ते सांगते. लादी बसवणारा मुलगा उत्तर प्रदेशातला होता. चांगला कारागीर, हात हलका, बोलणे कमी. चित्राप्रमाणे ओट्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाटे यायची होती. एके दिवशी दुपारी पडवीत जाऊबाई आडाळीवर बसून नारळ खवत होत्या. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, पुढ्यात परात. नंतर त्याच आडाळीवर त्यांनी सुरमईच्या तुकड्या केल्या. तो मुलगा पाणी प्यायला आला होता, तो बघतच राहिला. त्याच्या मुलखात बायका असे बसून चिरतात की नाही ते मी विचारले नाही. पण संध्याकाळी तो आपण होऊन म्हणाला की आत बसायला जागाच नाही. खिडकीखालचा तीन फुटांचा भाग मोकळा ठेवू का? नकाशात जे कोणाला दिसले नव्हते ते त्याला दिसले, कारण घर चालू होते. बंद घरात त्याने काय पाहिले असते? चित्र पाहिले असते आणि चित्राप्रमाणे कपाट ठोकून तो मोकळा झाला असता.

उताराचेही तसेच. न्हाणीच्या आणि धुण्याच्या जागेच्या लादीला मोरीकडे उतार हवा. उतार आहे असे प्रत्येक गवंडी सांगतो, आणि प्रत्येक घरी कोपऱ्यात पाणी साचते. लादी पक्की होण्याआधी एक तांब्या पाणी ओतून ते कोठे जाते ते पाहावे, यापलीकडे त्यात काही विद्या नाही. मात्र ते पाहायला त्या दिवशी तेथे माणूस हवे, आणि पुन्हा करायला सांगण्याइतका त्या माणसाला अधिकार हवा. आम्ही तो अधिकार कोणाला मागितला नाही, चालवला. दोनदा लादी काढायला लावली. फरशी कापायची ती पाणी सोडून कापायची, कोरडी नाही, हेही आम्हीच लावून धरले. त्या धुळीतली गारेची भुकटी कापणाऱ्याच्या फुप्फुसात बसते. घरातल्यांचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

सर्वांत मोठी झटापट झाली ती कामाच्या क्रमावरून. कंत्राटदाराला आधी ओटा आणि लादी करायची होती, कारण तेथे डोळ्यांना काम दिसते आणि हप्ता मिळतो. छप्पर शेवटी, मेच्या अखेरीस. मी म्हटले, आधी वासे, रिपा, कौले आणि पन्हळ; मग खाली काय करायचे ते करा. त्याने मुंबईला फोन लावला. मुंबईने त्याची बाजू घेतली. आम्ही दोघी जेथे लादीचे खोके उतरायचे होते तेथेच सोले वाळत घालून बसलो, आणि तीन दिवसांनी छपराचे काम सुरू झाले. त्या साली मोसमी पाऊस मेच्या २५ तारखेलाच तळकोकणात, देवगडपर्यंत पोहोचला. त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही आकाश फाटल्यासारखे होते. आमची कौले शाकारून झाली होती. वाडीतल्या एका घरची माणसे काम सोपवून बोरिवलीला गेली होती. ती जूनमध्ये आली तेव्हा त्यांच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची नवी कपाटे पावासारखी फुगली होती. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर्षभर खारा वारा असलेल्या मुलखात ही कपाटे विकली जातातच कशी, हा निराळा लेख होईल. लाकूडकाम करायचेच असेल तर फळीवर ७१०चा मानकशिक्का पाहून घ्यावा, एवढे सांगून पुढे जाते. हा शिक्का पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा असतो.

आता धुण्याकडे वळते, कारण यंत्रविरोधी म्हणून माझी गणना होण्याचा संभव आहे. यंत्र मी घेतले. चादरी पिळून मनगटे गेलेल्या बाईला यंत्राची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु आमच्याकडे धुण्याचा खरा प्रश्न धुण्याचा नाही, वाळवण्याचा आहे. जून ते सप्टेंबर ऊन नसते, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहतात, त्यांना कुबट वास येतो. त्यावर उपाय एकच, डोक्यावर छप्पर आणि दोन्ही अंगांनी वाहता वारा. मागीलदाराला भिंत आणि काच घालणे म्हणजे नेमका हा वाराच बंद करणे. आम्ही भिंत घालू दिली नाही. पागोळीच्या पुढे आठ फूट कौलारू छप्पर वाढवले, खाली बांबूच्या वलण्या टांगल्या. यंत्र भिंतीलगत, आणि दगड जागच्या जागी. हा दगड कशाला, असे पुतण्या विचारतो. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत पंप बंद, यंत्रे बंद, मिक्सर बंद. रहाट, दगड, पाटा आणि मागची चूल चालू होती. वीज परत आल्यावर हे सगळे विसरून जायचे असेल तर विसरावे. वाडीतल्या बायका विसरलेल्या नाहीत.

चुलीविषयी मात्र मी गहिवर काढणार नाही. शहरातून आलेले लोक चुलीवरच्या भाकरीची आठवण काढून डोळे मिटतात. ती भाजणारीचे डोळे धुरानेच मिटलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. स्वयंपाकाच्या इंधनाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे बत्तीस लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरातली चूल गेली ते बरे झाले. पण चूल सुधारण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली निघाला आणि २००२ साली बंद झाला. कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा वर्ष-दोन वर्षांत फुटून पडल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. भांडे तोंडावर बसत नव्हते, लाकूड बारीक फोडावे लागे, धुराडे साफ करायला कोणी सांगितले नव्हते. चूल वाईट होती असे नाही. ती जिच्यासाठी होती तिला आधी विचारले नव्हते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस दारोदार पोहोचला. सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे कोणाच्या हाती असतात हा प्रश्न मात्र तसाच उरला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तारकर्ली-देवबागपासून आमच्यापर्यंत हल्ली घरोघर पर्यटक उतरतात. न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या आहेत. लोक येतात ते समुद्रासाठी आणि जेवणासाठी. समुद्र फुकट आहे, जेवण बाई करते. या धंद्यासाठी घरे दुरुस्त होतात तेव्हा आधी काय होते? पाहुण्यांच्या खोल्यांना वातानुकूलन, त्यांच्या न्हाणीघराला गरम पाण्याची टाकी. वीस माणसांचे मासे जिथे होतात त्या जागेला नळ आणि दिवा येतो तो उरलेल्या पैशांत. धंद्याच्या दृष्टीनेही हे मूर्खपणाचे आहे. यंत्रशाळा विझवून दुकानाची पाटी रंगवणारा मालक कोणी पाहिला आहे का?

कोणी म्हणेल, सगळ्यांनाच असे राहणे जमत नाही. मान्य. दम्याचे माणूस, तान्हे मूल, बाळंतीण यांना जरूर दुसरीकडे पाठवावे. एकच खोली असेल आणि तीच तोडायची असेल तर राहणार कोठे, हेही खरे. अशा वेळी शेजारी बिऱ्हाड करावे, पण दिवसातून दोन फेऱ्या माराव्यात आणि हप्ता स्वतःच्या हाताने द्यावा. जिच्या हातून पैसे सुटतात तिचे बोलणे ऐकू येते, असा आमच्याकडच्या गवंड्यांचा स्वभाव आहे. इतरत्र निराळा असेल असे वाटत नाही. उन्हातान्हात हाल होतात, भांडणे होतात, शेवटच्या महिन्यात आम्ही दोघी जावा एकमेकींशी चार दिवस बोलत नव्हतो, तेही खरे. चार महिन्यांचे हाल आणि पंचवीस वर्षांचे हाल यांतून मला निवडायचे होते.

आता मुंबईच्या मंडळींनी नवा बेत पाठवला आहे. पुढच्या चतुर्थीच्या आत पडवी बंद करून तेथे बैठकीची खोली करावी, म्हणजे पाहुण्यांना बरे. पडवीत आमचे सुके मासे असतात, भाताची पोती असतात, पावसात वाडीतली मुले तेथे अभ्यासाला बसतात. मी पुतण्याला कळवले आहे की बेत चांगला असेलही. त्याने येत्या जूनमध्ये आठ दिवस रजा काढून इकडे यावे, रोज सकाळी पडवी झाडावी, दुपारी पोती हलवावीत आणि मग माप घ्यावे. त्याच्या जेवणाखाण्याची सोय आम्ही दोघी करू. त्याचे उत्तर अजून आले नाही, पण त्याच्या बायकोचा फोन आला होता. ती येते म्हणाली.